चौथी पायरी

द्वारकाकाकू खुर्चीत बसल्या बसल्या कुणाला तरी फोन जोडत होत्या.

डावा हात त्यांनी माझ्यासमोर खुर्चीच्या हातावर लांब करून ठेवला होता, त्याला मी रबरी पट्टा बांधला होता. डोळे मिटलेले. उजव्या हाताची दोन बोटं हवेत काहीतरी चिमटीत धरत होती, उचलत होती आणि समोर नसलेल्या एका भोकात अलगद बसवत होती.

"काकू," मी म्हटलं.

"थांब बेटा. अमरावती मिळून राहिली."

मी सुई हातात धरून थांबले. खिडकीबाहेर डिसेंबरचं धुकं होतं, रुग्णालयाचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. काकूंचा चेहरा इतका शांत होता की उठवायचं जिवावर आलं. थोड्या वेळाने त्या "बोला" असं कुणाला तरी म्हणाल्या आणि डोळे उघडले. मला बघून लाजल्या.

"परत डोळा लागला का?"

"पाचच मिनिटं."

"पाच मिनिटांत मी अर्धी पाळी करून आले," त्या म्हणाल्या. "वडिलांचा कॉल होता. ते जाऊन चाळीस वर्षं झाली. पण मी लाइन जोडून दिली. कुणाला पाहिजे होते ते विचारायचं राहिलंच बघ."

मी रक्त काढलं आणि फॉर्मवर लिहिलं : गुंगी, पातळी एक. म्हणजे झोप येते, पण हाक मारली की जाग येते. पातळी एकला त्रास म्हणत नसत.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. नागपुरातल्या एका कर्करोग रुग्णालयात ट्रायल कोऑर्डिनेटर होते. नव्या औषधाची चाचणी चालू असली की रुग्णांना समजावून सांगणं, त्यांच्या तारखा सांभाळणं, रक्त काढणं, उरलेल्या कॅप्सूल मोजून घेणं आणि सगळं लिहून ठेवणं हे माझं काम. त्या वर्षी आमच्याकडे आलेलं औषध माणसांना पहिल्यांदाच दिलं जात होतं. त्याला अजून नाव नव्हतं, एक अक्षर आणि चार आकडे होते. ज्यांच्यावर बाकीचे सगळे उपचार करून झाले होते अशाच लोकांना ते मिळत होतं.

अशा पहिल्या चाचणीत एकच प्रश्न असतो : किती द्यायचं? आम्ही त्याला पायऱ्या म्हणत असू. पहिल्या पायरीवर रोज सकाळी एक कॅप्सूल, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, चौथीवर चार. प्रत्येक पायरीवर तीन माणसं. अठ्ठावीस दिवस बघायचं. कुणालाच गंभीर त्रास झाला नाही तर पुढची तीन माणसं वरच्या पायरीवर. एकाला झाला तर त्याच पायरीवर आणखी तीन. सहांपैकी दोघांना झाला तर ती पायरी जड झाली, खाली उतरायचं. जी सगळ्यांत वरची पायरी माणसाला सोसवेल, तीच मात्रा ठरायची, आणि पुढच्या मोठ्या चाचणीत शेकडो लोकांना तीच द्यायची.

"सोसवेल तितकं द्यायचं," डॉक्टर उमरेडकर म्हणायचे. चाचणीचे प्रमुख तेच होते. मऊ आवाजाचा, थोडा वाकून चालणारा माणूस. "आपण कमी दिलं आणि गाठ वाढली, तर त्या माणसाला काय तोंड दाखवणार?" त्यांची उमेदीची सगळी वर्षं जुन्या औषधांत गेली होती, आणि जुन्या औषधांचं तसंच होतं.

या औषधाचा त्रास म्हणजे झोप. उलटी नाही, केस गळणं नाही. झोपही साधी नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरची माणसं जागी असताना अर्धी कुठेतरी दुसरीकडे असत. एक गृहस्थ मला सांगत, आज मी सकाळपासून आमच्या गावच्या तळ्यात पोहतोय, फक्त अंग ओलं होत नाही. एका आजोबांची सून म्हणाली, "बाबा घरात आहेत, पण घरात नाहीत. चहा दिला तर कपाकडे बघत बसतात." हे ती सांगत होती तेव्हा त्यांचे अठ्ठावीस दिवस उलटून गेले होते, त्यामुळे ते मोजणीत आलं नाही. मी नुसतं समासात लिहून ठेवलं. त्या हिवाळ्यात आमच्या वेटिंग हॉलमध्ये इतकी शांतता असायची की पंख्यावरून उडालेलं चिमणीचं पीस खाली येताना दिसायचं.

द्वारकाकाकू, म्हणजे द्वारका वैरागडे, चौथ्या पायरीवरच्या पहिल्या रुग्ण. वय बासष्ट, अंडाशयाचा कर्करोग. टेलिफोन खात्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मानेवाडा रोडवर छोटं स्वतःचं घर. त्यांच्याबरोबर चौथ्या पायरीवर चंद्रपूरचे एक खाणकामगार होते, ते विसाव्या दिवशी झोपले आणि दीड दिवस उठलेच नाहीत. तो गंभीर त्रास धरला गेला. म्हणून नियमाप्रमाणे आणखी तिघांना चार-चार कॅप्सूल सुरू केल्या. आता सहांत एक झाला होता. दुसरा झाला असता तर चौथी पायरी बाद.

पंधराव्या दिवशी काकू आल्या तेव्हा टक्क जाग्या होत्या. खुर्चीत बसल्याबरोबर म्हणाल्या, "तुझ्या कुर्त्याचं बटण लोंबून राहिलं, पडेल कुठेतरी." मग खिडकीच्या पडद्याची उसवलेली शिवण दाखवली.

"आणि स्वप्नं?" मी विचारलं.

"गेली." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "सवय झाली असेल शरीराला."

मी लिहिलं : गुंगी नाही.

जानेवारीच्या मध्यात त्यांचा स्कॅन झाला. गाठ एक तृतीयांशाने लहान झाली होती. डॉक्टर उमरेडकरांनी फिल्म दोनदा उजेडाला लावली, मग ती घेऊन मला शोधत आमच्या खोलीपर्यंत आले. असं ते कधी करत नसत. "चार," ते म्हणाले. "चारच बरोबर आहे, कल्याणी." नव्या तिघांचे अठ्ठावीस दिवसही बिनतक्रार संपत आले होते. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात समितीची बैठक ठरली. तीत मात्रा पक्की होणार होती.

जानेवारी संपता संपता बाहेरगावच्या लॅबमधून रक्ताचे आकडे आले. प्रत्येकाच्या रक्तात औषध किती आहे ते त्यात असतं. काकूंच्या पहिल्या दिवसाचा आकडा बाकीच्यांसारखाच होता. पंधराव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवसाचा बरोबर निम्मा.

"काही शरीरं औषध भराभर बाहेर टाकतात," डॉक्टर म्हणाले.

तसं असतंही. पण मला तो पडदा आठवत राहिला.

काकूंच्या डायरीत, म्हणजे रोज कॅप्सूल किती वाजता घेतली ते लिहायच्या वहीत, एका पानावर सही राहिली होती. ती घ्यायला मी दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयात जाता जाता त्यांच्या घरी गेले. आठ वाजत होते. धुकं इतकं की स्कूटीवर पापण्या ओल्या झाल्या. फाटकाला कडी लावलेली नव्हती. पुढचं दार बंद होतं आणि मागून बोलण्याचा आवाज येत होता, म्हणून मी पपईच्या झाडाखालून घराला वळसा घालून मागे गेले.

मागच्या ओट्यावर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या. दोन बशांत पोहे. काकू उभ्या होत्या आणि खुर्चीतल्या बाईच्या तळहातावर कॅप्सूल ठेवत होत्या. एक. दोन. राखाडी-पिवळ्या. त्या बाईने त्या तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायली, आणि मग तिने मला पाहिलं.

मी तिला ओळखलं. यशोधरा मेश्राम. ऑक्टोबरमध्ये त्या दोघी एकत्रच आल्या होत्या. चाचणीबद्दल आधी यशोधराबाईंनीच ऐकलं होतं, काकूंना त्याच घेऊन आल्या होत्या. त्यांचा आजार पित्ताशयाचा. पण त्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स ब्याण्णव हजार निघाल्या, आणि चाचणीत यायला एक लाख लागत. नाही हे मीच त्यांना सांगितलं होतं. "आठ हजारांसाठी?" असं त्यांनी विचारलं होतं, आणि मी मान खाली घातली तेव्हा त्याच मला म्हणाल्या होत्या, "असू दे. नियम तुम्ही नाही केला."

काकू हळूच खाली बसल्या.

"पोहे खाशील?" त्या म्हणाल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बस आधी."

मी ओट्याच्या पायरीवर बसले.

"दहाव्या दिवसापासून," काकू म्हणाल्या. "खोटं नाही सांगत, चार घेतल्या की मला छान वाटायचं. सगळे यायचे. वडील, हे, आमच्या सुपरवायझर बाई. पण मी कुठे असायची? एक दिवस मेश्राम आली. दार वाजवून वाजवून दमली. आत मला वाटून राहिलं, कॉल आहे. मी तिलाच जोडून राहिली, तिच्याच घरी. शेजाऱ्याने खिडकीतून हात घालून कडी काढली तेव्हा गॅसवरच्या पातेल्याचा कोळसा झाला होता."

"गॅस तसाच चालू होता," यशोधराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज स्वच्छ होता, एकेक शब्द सुटा. "घर पेटलं असतं. मी म्हटलं, वैरागडे, अर्ध्याच घे. उरलेल्या परत कर."

"परत केल्या तर ते काढून टाकतात ना मला!" काकू माझ्याकडे वळल्या. "तूच सांगितलं होतं. डोस चुकवला की बाहेर. मग फेकू का त्या? ही तेव्हा दर आठ दिवसांनी पोटातलं पाणी काढायला जायची, आणि मी औषध नालीत फेकू?"

"तुम्हाला काही झालं असतं तर?" मी यशोधराबाईंना विचारलं. "तुमच्या प्लेटलेट्स कमी आहेत. रक्तस्राव होऊ शकला असता. कुणाला कळलंही नसतं."

"मला जे व्हायचं ते आधीच झालेलं होतं, बेटा."

"आणि आता?"

"महिना झाला, पाणी काढावं लागलं नाही. काल अर्धी भाकर खाल्ली."

हे कुणी मोजलेलं नव्हतं. त्यांचा स्कॅन नाही, रक्त नाही, फॉर्म नाही. मी फक्त त्यांच्याकडे पाहिलं. ऑक्टोबरपेक्षा गाल भरले होते.

मग मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं, नियमाने फक्त डॉक्टरांना सांगायचं असतं. पण त्या दोघी इतक्या गप्प बसून माझ्याकडे बघत होत्या. मी पायऱ्यांचं सांगितलं, सहांत एक आणि सहांत दोनचं. काकू चार कॅप्सूल घेऊन ठणठणीत राहिल्या असं आमच्या कागदावर आहे. त्यांची गाठ चारने कमी झाली असं कागदावर आहे. त्यावरून येत्या बैठकीत चार ही मात्रा ठरेल.

"म्हणजे वैरागडेचा आकडा खोटा आहे," यशोधराबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि तो बघून बाकीच्यांना चार देणार."

"हो."

"किती जणांना?"

"पुढच्या मोठ्या चाचणीत पाच-सहाशे."

त्या धुक्याकडे बघत राहिल्या. पपईच्या पानावरून थेंब पडत होते. "सहाशे जणांची पातेली जळणार," त्या हळू म्हणाल्या. "आणि मग ते कंटाळून औषध सोडून देणार. मग तुम्ही लिहिणार, औषध निकामी."

आमच्या खोलीत इतकी शिकलेली माणसं होती, कुणी हे इतक्या सरळ शब्दांत म्हटलं नव्हतं.

"मग सांगून टाक, बेटा."

"तू गप्प बस, मेश्राम!" काकू ताडकन उभ्या राहिल्या. बशी पडली. "सांगून टाक म्हणते! माझं बंद होईल ते होईल. तुझं काय? तुला कोण देणार आहे?" आणि मग माझ्यापुढे येऊन त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "कल्याणी, मी चार घेते. उद्यापासून चारही घेते, तुझ्यासमोर घेते. पण हिचं..."

मी सही न घेताच निघाले. फाटकापाशी वळून पाहिलं तर धुक्यात दोघींचे फक्त आकार दिसत होते. एक उभा, एक बसलेला.

त्यानंतर अकरा दिवस मी कुणाला काही बोलले नाही.

ते दिवस मला स्वतःलाच त्या औषधावर असल्यासारखे आठवतात. मी कामावर जायची, रक्त काढायची, नावं लिहायची. कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला जागी व्हायची. रोज सकाळी आठला, जिथे असेन तिथे, मला तो ओटा दिसायचा. एक. दोन. मी मनात म्हणायची, आजचा दिवस घेऊ दे. आज सांगायचं नाही, आजच्या दोन यशोधराबाईंच्या पोटात जाऊ देत. उद्या बघू. दया होती की भीती होती ते मला तेव्हाही कळत नव्हतं. पण मी त्यांना दिवस देते आहे असं वाटायचं, आणि तेवढ्यावर मी संध्याकाळपर्यंत चालायची.

बैठक सोमवारी सकाळी होती. लांब टेबल, मधोमध फोनचा स्पीकर, त्यात कंपनीचे दोन लोक दुसऱ्या गावाहून बोलत होते. तक्ता वाचायचं काम माझं. मी पहिल्या पायरीपासून वाचत आले. चौथ्या पायरीला पोचले.

"रुग्ण चार-एक," मी वाचलं. "अठ्ठावीस दिवस पूर्ण. गंभीर त्रास..."

पुढचा शब्द "नाही" होता. तो समोर छापलेला होता. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मला आमच्या वेटिंग हॉलमधले ते आजोबा दिसले, हातात चहाचा कप घेऊन कपाकडे बघत बसलेले. त्यांच्यामागे आणखी एक, त्यांच्यामागे आणखी. रांग कुठे संपते ते दिसत नव्हतं.

"हॅलो?" स्पीकरमधून आवाज आला. "लाइन तुटली का?"

"रुग्ण चार-एकने दहाव्या दिवसापासून दोनच कॅप्सूल घेतल्या," मी म्हटलं. "उरलेल्या दोन रोज दुसऱ्या व्यक्तीला दिल्या."

डॉक्टर उमरेडकरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हाला कधी कळलं?"

"अकरा दिवसांपूर्वी."

मला ते नेहमी "तू" म्हणत. मला बाहेर थांबायला सांगितलं. मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून तासभर उभी राहिले. नोकरी गेली असं धरूनच चालले होते. बाहेर आल्यावर डॉक्टर माझ्याजवळ थांबले. "लेखी ताकीद मिळेल," ते म्हणाले. मग चष्मा पुसत, "गाठ दोननेच कमी झाली, नाही का?" हा प्रश्न ते मला विचारत नव्हते.

काकूंना चाचणीतून काढलं. त्यांच्या जागी नवा रुग्ण चौथ्या पायरीवर आला. पंचवीस दिवसांनी त्यालाही चंद्रपूरच्या कामगारासारखीच झोप लागली. सहांत दोन. चौथी पायरी बाद झाली. कंपनीला मग तीनची मात्रा हवी होती. पण डॉक्टर उमरेडकर अडून बसले. पुढच्या टप्प्यात दोन आणि तीन या दोन्ही मात्रा शेजारी शेजारी द्यायच्या, अठ्ठावीस नाही तर सहा महिने बघायचं, आणि गंभीर त्रासाबरोबर माणूस दिवसभर किती जागा असतो तेही लिहायचं. माझ्या समासातल्या नोंदी त्यांनी स्वतः मागून घेतल्या. ज्याने आयुष्यभर "सोसवेल तितकं" म्हटलं, त्या माणसाने हे केलं. गाठी दोन्ही मात्रांनी सारख्याच कमी झाल्या. फरक इतकाच की दोनवाली माणसं औषध घेत राहिली, तीनवाल्यांपैकी निम्म्यांनी सोडलं. त्यानंतरची मोठी चाचणी रोज दोनवर झाली आणि यशस्वी झाली. या सगळ्याला आठ वर्षं लागली. आज ते औषध मिळतं. निकालाच्या लेखात पहिल्या टप्प्याबद्दल एक वाक्य आहे : एका रुग्णाची माहिती मात्रा पाळली न गेल्याने वगळली.

पण त्या हिवाळ्यात यातलं काहीच माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच झालं होतं की दोन बायकांचं औषध बंद झालं होतं. डॉक्टरांनी द्वारकाकाकूंसाठी कंपनीला तीन पत्रं लिहिली. सात आठवड्यांनी त्यांना दोन कॅप्सूल परत मंजूर झाल्या, खास बाब म्हणून. यशोधराबाईंसाठी लिहिलेल्या पत्राला उत्तर आलं की ही व्यक्ती चाचणीत कधीच नव्हती.

एप्रिलमध्ये यशोधराबाई गेल्या. मला उशिरा कळलं, दुसऱ्या एका रुग्णाकडून. काकू तपासणीला यायच्या, पण रक्त काढायला दुसऱ्या मुलीला बोलवायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत. मी खोलीत असले तर खिडकीबाहेर बघत बसायच्या.

मेच्या शेवटी एका दुपारी त्या माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. बाहेर ऊन पांढरं झालेलं, कूलरचं पाणी टपटपत होतं. त्यांनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि माझ्यापुढे सरकवली.

"मोजून घे."

मी पुडी उघडली. राखाडी-पिवळ्या कॅप्सूल. मी दोन-दोन करून बाजूला केल्या. बावीस होत्या.

"या कुठल्या, काकू? तुमच्या तर सगळ्या जमा झाल्या होत्या."

"माझ्या नाहीत. मेश्रामच्या आहेत."

त्या कूलरकडे बघत बोलू लागल्या.

"तू आली होतीस ना धुक्यात, त्या दिवसानंतर तिने एक तोंडात घातली नाही. रोज यायची. रोज आठ वाजता मी तिच्या हातावर ठेवायची. ती परत माझ्या हातावर ठेवायची. मी भांडली, रडली. म्हणे, उद्या बघू."

"पण मी तर अकरा दिवस..." "मी मुद्दाम सांगितलं नाही. त्या घेत असतील म्हणून."

"माहीत आहे. मी पण तिला तेच म्हटलं. ती पोरगी चूप आहे, तोवर घेऊन घे." काकूंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ती म्हणाली, वैरागडे, आता हे दोघींतलं राहिलं नाही. त्या पोरीने बघितलं. आता मी घेतली तर ती तिनेच दिल्यासारखी होईल. उद्या तिला विचारतील, तेव्हा तिला खरं सांगता आलं पाहिजे."

मी कॅप्सूल परत पुडीत भरल्या. कुणीतरी दारातून डोकावलं आणि परत गेलं.

"मधले सात आठवडे तुमच्याकडे काहीच नव्हतं," मी म्हटलं. "तेव्हा तरी या घ्यायच्या होत्या."

"माझ्या नव्हत्या त्या," काकू म्हणाल्या.

परत आलेलं औषध लिहायचं एक रजिस्टर असतं. मी ते उघडलं. तारीख लिहिली. पुढच्या रकान्यात रुग्णाचा क्रमांक लिहायचा असतो. नाव लिहायचं नसतं, तसा सक्त नियम आहे. पण त्यांना क्रमांक कधी मिळालाच नव्हता. मी पेन टेकवून थोडा वेळ थांबले, मग त्या रकान्यात यशोधरा मेश्राम असं पूर्ण नाव लिहिलं. परत आलेल्या कॅप्सूल : बावीस. घेतलेल्या : या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तो कोरा ठेवला. सही केली आणि रजिस्टर वळवून काकूंसमोर धरलं.

त्यांनी चष्मा लावला. बोट ठेवून सावकाश वाचलं.

"श्रा नीट काढ," त्या म्हणाल्या. "गिचमीड अक्षर तिला चालायचं नाही."

मी रजिस्टर परत माझ्याकडे ओढलं आणि ते अक्षर पुन्हा गिरवलं.